तव्यावरून ताटात

शुक्रवार, १० जानेवारी १९९७

माझी आई कधी जेवते?

आज डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. आता लिहितानाही येत नाही.

परवा बाजारात मासळी विकता विकता आईला चक्कर आली. शेजारी बसणाऱ्या दुर्गाबाईने तिला पाणी पाजलं, रिक्षात घातलं आणि आईच्या टोपलीतले उरलेले बोंबीलही विकून दिले. आज मी ऑफिसातून अर्धी रजा काढून तिला दवाखान्यात नेलं. रक्त फारच कमी आहे म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

"गोळी जेवणानंतर घ्यायची. किती वाजता जेवता?"

"जेवते की," आई म्हणाली.

"हो, पण कधी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली मुलगी, त्यांच्याशी इतका वेळ मीच बोलत होते. मी म्हणाले, "आमचं झालं की." त्या म्हणाल्या, "तुमचं कधी होतं ते नाही विचारलं."

आमच्या घरातली मी पहिली बी.कॉम. ताळेबंद का जुळत नाही ते मी चटकन शोधते असं साहेब सांगतात. आणि जन्मापासून ज्या बाईबरोबर एका छपराखाली राहिले तिच्या जेवणाची वेळ मला माहीत नाही. लाज वाटली. लाज वाटून काही होत नाही, काहीतरी केलं पाहिजे.

आज रात्री लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. बाबा, केतनदादा आणि मी जेवायला बसलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती, शालनवहिनी वाढत होती. जिताडा होता. माशाचे मधले दोन तुकडे माझ्या ताटात आले. मग मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायला आत गेले. गणितं सोडवून बाहेर आले तर भांडी घासून पालथी घातली होती. पाहायचं राहूनच गेलं.


रविवार, १२ जानेवारी

कारण सापडलं. कारण भाकरी आहे.

बाबांना तव्यावरची भाकरी थेट ताटात लागते. खाडीवरून चिखलात भिजून आलेला माणूस गार भाकरी खाणार नाही, असा आमच्या घरचा नियम आहे. दादा तळोजाच्या कारखान्यातून येतो, त्यालाही तशीच लागते. त्यामुळे जोपर्यंत कोणी जेवत असेल तोपर्यंत कोणीतरी तव्यापाशी हवंच. ते कोणीतरी म्हणजे आई. इतकं सोपं आहे हे. सगळ्यांचं मन बदलायची गरज नाही, फक्त तवा मध्ये येऊ द्यायचा नाही.

मी आईला म्हटलं, "आपण पाचही जण एकदम जेवायला बसलो तर?"

"आन वाढंल कोन, तुजा साहेब?" आई म्हणाली. वहिनी फिसकन हसली.

"सगळं आधी करून ठेवायचं."

"गार खायाचा असंल तर लग्नान जावा," बाबा बाहेरून म्हणाले. जाळं विणता विणता त्यांना सगळं ऐकू येतं.


बुधवार, १५ जानेवारी

उत्तर गीतांजलीच्या डब्यात मिळालं!

गीतांजली माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहते. आज तिने डब्यात एक चौकोनी तुकडा आणला होता. खाली पोळी, त्यावर राजमा, मग टोमॅटोचा सॉस, मक्याचे दाणे, भोपळी मिरची, पुन्हा पोळी, पुन्हा तेच सगळं, आणि वर वितळून लाल झालेलं चीज. मेक्सिकन कॅसरोल म्हणतात. तिची आई वाशीला क्लासला जाऊन शिकली.

"कसं करतात?" मी विचारलं.

"थर लावायचे, ओव्हनमध्ये ठेवायचं, आणि बाहेर जाऊन गप्पा मारायच्या. झालं की टेबलावर आणायचं, कापायचं, सगळ्यांनी जेवायचं."

बाहेर जाऊन गप्पा मारायच्या! मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

या पदार्थात आणखी एक गोष्ट आहे, ती बसची वाट पाहताना लक्षात आली. मासळीत मधले तुकडे असतात आणि डोकं-शेपूट असतं. कालवणात आधी वाढून घेणाऱ्याला तुकडे आणि मागाहून जेवणाऱ्याला नुसता रस. पण थर वरून खाली कापले की प्रत्येकाच्या वाट्याला सगळे थर येतात. शेवटचा तुकडा पहिल्यासारखाच. समानतेवर कॉलेजात मी भाषण केलं होतं, बक्षीसही मिळालं होतं. तेव्हा हे उदाहरण सुचलं असतं तर!

आईला सांगितलं, रविवारी कॅसरोल करणार. तिने फळीवरचा भाकऱ्यांचा लाल डबा दाखवला, आमच्याकडे त्यालाच कॅसरोल म्हणतात, आणि म्हणाली, "हा हाय की. नवा कशाला?"


शनिवार, १८ जानेवारी

गीतांजलीच्या आईने त्यांचा गोल ओव्हन आठवड्याभरासाठी दिला. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच. रिक्षातून उतरून घरी नेताना शेजारची चांगुणाबाई दारातूनच ओरडली, "काय गो जागृती, टीव्ही घेतला का?" मी म्हटलं, भट्टी आहे. "मंग तर लगीन जवल आला," म्हणाली. याचा आणि लग्नाचा काय संबंध ते कळलं नाही.

संध्याकाळी टेबल रिकामं केलं. हे टेबल वहिनीच्या माहेराहून आंदणात आलेलं. सनमायकाचं, सोबत चार खुर्च्या. आल्या दिवसापासून त्यावर इस्त्री, पंचांग, दादाचं हेल्मेट आणि जाळ्याचं सूत यांचा संसार आहे. पुसल्यावर वर निळी फुलं आहेत हे दिसलं. वहिनी हातातलं काम टाकून बघत राहिली. "मी इसरलीच होती यावर फुलां हायत ती," म्हणाली.


रविवार, १९ जानेवारी

झाला प्रकार लिहिणं अवघड आहे, पण लिहिते.

दुपारपासून मी आणि वहिनी लागलो होतो. राजमा तिनेच शिजवला, पोळ्याही तिनेच लाटल्या, कारण माझ्या पोळ्या ओव्हनच्या डब्याच्या आकाराच्या होईनात. थर मात्र मी लावले. चीज वितळलं, रंग आला, वास सगळ्या आळीत गेला. मी डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. बाबा आले, खुर्चीकडे पाहिलं, बसले. डब्यात डोकावले.

"आज कसला उपास हाय?"

"उपास नाही बाबा. हे जेवण आहे."

"ऐतवार हाय ना आज? घरान कोन गेला काय, का मच्छी नाय?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोळ्याच्या घरात रविवारी राजमा! मला सुट्टी रविवारी असते म्हणून मी रविवार धरला होता.

तरीही त्यांनी खाल्लं. दादाने दोनदा घेतलं. आई आणि वहिनी भिंतीला टेकून कौतुकाने पाहत होत्या. मी आईला खुर्चीवर ओढलं. ती बसली, म्हणजे अर्धी बसली, एखाद्याच्या घरी निरोप सांगायला गेलेलं माणूस बसतं तशी. तिने पहिला घास घेतला आणि तेवढ्यात बाबा बोटं चाटून म्हणाले,

"बरा हाय नाश्ता. आता भाकरी वाढा."

आई उठली. मी "आई!" म्हणेपर्यंत तवा तापतही आला होता. सुकट भाजली, भाकऱ्या झाल्या, सगळे पुन्हा जेवले. आईच्या ताटलीतला तुकडा तसाच गार होऊन पडला. त्यावरचं चीज रबरासारखं झालं होतं.

मी रडले नाही. थोडी रडले.


सोमवार, २० जानेवारी

कदाचित मी चुकते आहे. ज्या घरात माणसं समाधानी आहेत तिथे भट्टी आणून गोंधळ का घालायचा? आईने तरी कुठे तक्रार केली?

पण रक्त कमी आहे. ते तक्रार करतंच आहे की.


गुरुवार, २३ जानेवारी

जेवताना सुचलं. बाबा भाकरीशिवाय जेवणाला जेवण म्हणणार नाहीत. मासळीशिवाय रविवारला रविवार म्हणणार नाहीत. मग पोळीच्या जागी तांदळाची भाकरीच घालायची. राजम्याच्या जागी कोलंबी, आईच्या मसाल्यातली. टोमॅटो राहू दे, मका राहू दे, चीज तर हवंच.

गीतांजलीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग ते मेक्सिकन कुठे राहिलं?"

मी म्हटलं, "मेक्सिकोलाही समुद्र आहेच की."

ओव्हन आणखी ठेवायची परवानगी मागितली. मिळाली.


रविवार, २६ जानेवारी

जमलं! जमलं!

सकाळी ऑफिसात झेंडावंदन करून आले आणि लागले. कोलंबी आईने सोलली. भाकऱ्या वहिनीने केल्या, मला येत नाहीत. (मी शाळेत असल्यापासून आई म्हणायची, तू पुस्तक घे, भाकरीचं मी बघते.) पातळ, पांढऱ्या, तळहाताच्या रेषा उमटलेल्या. त्या थरात घालायचं जिवावर आलं. भाकरी, कोलंबी, टोमॅटो, मका, पुन्हा भाकरी. खालच्या भाकरीने सगळा रस प्यायला आणि वरच्या भाकरीच्या कडा खरपूस झाल्या.

मी सुरी घालून वरून खाली कापलं. बाबांनी तुकडा उचलून खालून वरून पाहिला.

"आत भाकरी हाय?"

"आहे."

"मंग भाकरी वेगली नको." आणि जेवायला लागले!

टेबलावर बाबा, दादा, मी आणि आई. आईने पूर्ण तुकडा खाल्ला. माझ्यासमोर, चारचौघांत, गरम गरम. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती सारखी मागे वळून पाहत होती, म्हणजे सवय नाही ना. बाबांनी दुसरा तुकडा मागितला तेव्हा ती उठायला लागली, पण वहिनीने आधीच वाढला. वहिनीची आज फार मदत झाली. पाणी, लिंबू, कांदा, सगळं हातात आणून दिलं. तिलाही बस म्हटलं तर म्हणाली, मना भूक नाय आताच, मी मागनं जेवते.

जेवण झाल्यावर आईने माझ्यासमोर गोळी घेतली. साडेआठ वाजले होते. आता डॉक्टरीणबाईंनी विचारावंच.


मंगळवार, २८ जानेवारी

विचारलं.

मी अभिमानाने सांगितलं, "आता साडेआठला जेवते. सगळ्यांबरोबर, टेबलावर."

"अरे वा. रोज?"

"रविवारी."

त्या हसल्या नाहीत. आईच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि सोमवारी?"

परत येताना रिक्षात मी आईला विचारलं, रविवारी बरं वाटलं ना? ती खाडीकडे पाहत म्हणाली,

"बरा होता. पन घास उतरत नव्हता गो."

"तिखट झालं होतं?"

"नाय. शालन उभी होती ना माज्या पाठी."

मग म्हणाली, रोज आम्ही दोघी जेवतो तेव्हा दारं लोटून, पाय पसरून बसतो. जिताड्याचं डोकं अर्धं अर्धं करतो. तिच्या माहेरच्या गोष्टी असतात. "उशीर होतो. पन तिचे बरोबर उतरतो घास."

मला वाटत होतं डोकं उरतं म्हणून आई खाते. तिला ते आवडतं हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही, मधला तुकडा खात होते.


बुधवार, २९ जानेवारी

आज ओव्हनचा डबा घासताना वहिनीला विचारलं, "खरं सांग, रविवारी का नाही बसलीस?"

"कुठं बसू, ताई? चार खुर्च्या."

"स्टूल आणलं असतं."

ती राखेने डब्याची कड घासत राहिली. मग हसत हसत म्हणाली, "माज्या बानं मोजूनच दिल्या होत्या. सासरा, सासू, नवरा आन मी. तवा तुमचं लगीन ठरतंय असा बोलत होते ना सगले, म्हनून पाचवी नाय घेतली. तो बिचारा काय जानं, तुमी बी.कॉम. करनार ते!"

"म्हणजे चौथी खुर्ची..."

"मस्करी करते हो. बसा तुमी. तुमी थकून येता."

ती खरंच मस्करी करत होती. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

दोन वर्षं झाली तिच्या लग्नाला. तिच्या वडिलांनी दिलेल्या टेबलावर ती एकदाही जेवलेली नाही, आणि त्यावर समानतेचा पदार्थ मी तिच्याकडून वाढून घेतला. आईला पहिल्या पंगतीत आणलं, ती कोणाच्या पाठीवर? तव्यापाशी उभं राहणारं कोणीतरी हवंच, असं मीच लिहिलं होतं. मी कधी उभी राहिले? ऑफिसातून सातला येते. दादाही सातला येतो. आम्ही दोघं सारखेच हातपाय धुतो आणि सारखेच ताटावर बसतो. नोकरी लागल्यापासून मी या घरातली बाई राहिलेच नाही. ते मला बढतीसारखं वाटत होतं.


रविवार, २ फेब्रुवारी

कॅसरोल पुन्हा केलं. या वेळी भाकऱ्या मी थापल्या, वहिनी शेजारी बसून सांगत होती. "उकड नीट मलून घ्या. पानी कमी. हात हलका. हलका म्हनते मी, ताई, टायपिंग नाय करायचा!" तीन फाटल्या. फाटलेल्या मधल्या थरात लपवल्या. थरांचा हाही एक फायदा आहे.

वहिनीला तिच्या खुर्चीवर बसवलं. नको नको म्हणत होती, पण आईने दंड धरला. मी बाबांचा मासळीचा क्रेट उलटा करून त्यावर बसले. माझी हनुवटी टेबलाच्या काठाशी आली. दादा म्हणाला, "बी.कॉम.ची उंची कमी झाली." सगळे हसले, वहिनी सगळ्यांत जास्त. पहिला तुकडा उचलायच्या आधी तिने निळ्या फुलावरून बोट फिरवलं.

जेवून उठताना बाबांनी क्रेटकडे पाहिलं आणि बाहेर गेले.

आई आज एकदाही मागे वळली नाही.

पण उद्या सोमवार आहे.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रोज कॅसरोल होणार नाही, हे मान्य करायला हवं. चीज रोज आणता येत नाही आणि गीतांजलीच्या आईला त्यांचा ओव्हन परत हवा आहे. उद्या नेऊन देणार. रविवारपुरता मिळेल म्हणाल्या. बाबांची गरम भाकरीही सुटणार नाही. मी त्यावर वाद घालणं सोडलं. खाडीतून आलेल्या माणसाला गरम भाकरी मिळावी यात अन्याय नाही. ती नेहमी त्याच बाईने थापावी, यात आहे.

म्हणून सोमवारपासून मी ठरवलं ते करते आहे. कोणाला सांगितलं नाही, भाषण केलं नाही. सातला घरी येते, हातपाय धुते आणि परात घेऊन तव्यासमोर बसते. आई आणि वहिनी बाबा-दादांबरोबर टेबलावर. अभ्यास पहाटे करते, आई मासळी घ्यायला बंदरावर जायला उठते तेव्हाच. परीक्षा देणार आहेच. ते सोडलेलं नाही.

सोमवारी आई माझ्या हातातून परात ओढायला आली. "तू दमून आलीस बाय, तू वाच." मी म्हटलं, "तू पण दमून आलीस." तिला बहुधा कोणी हे म्हटलंच नव्हतं, कारण ती तशीच उभी राहिली, ओले हात पुढे धरून.

मंगळवारी दादाने भाकरी उचलून दिव्यासमोर धरली. "हा कुठल्या देशाचा नकाशा?"

"मेक्सिकोचा," वहिनी म्हणाली.

बाबांनी तीच भाकरी खाल्ली. "जाड हाय," म्हणाले. मी म्हटलं, "तव्यावरून ताटात आहे ना?" बुधवारीही जाड होती. बुधवारीही खाल्ली.

काल कामावरून आले तर मासळीचा क्रेट टेबलाजवळ नव्हता. त्या जागी एक बाक होता. जुन्या होडीच्या फळ्यांचा, रंधा मारलेला, एका बाजूला अजून निळा रंग. कोणी केला ते कोणी सांगितलं नाही. बाबांच्या हाताला पट्टी होती.

आज जिताडा होता. आई आणि वहिनीने डोकं अर्धं अर्धं केलं, टेबलावर, सगळ्यांसमोर, आणि आईने ते असं चोखलं की दादा म्हणाला, "आई, आवाज कमी." ती म्हणाली, "दार लोट, मंग नाय यायचा आवाज," आणि दोघी हसत सुटल्या. घड्याळात साडेआठ. गोळी ताटाशेजारी काढून ठेवलेली होती.

"अजून एक भाकरी," बाबांनी हाक मारली.

आई सवयीने उठायला लागली. वहिनीने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. मी परातीतला गोळा उचलला, हाताला पाणी लावलं आणि थापायला घेतली.